कच्च्या टाक्यांतला ब्लाउज

फ्रेंच लोक फॅशनच्या पेढीला 'घर' म्हणतात. मी घराणं म्हणते. गाण्याच्या घराण्यात असतं ते सगळं आमच्यात आहे. एक मूळ बाई, तिने लावलेली शिस्त, ती शिस्त मोडून बाहेर पडलेले दोनचार शिष्य, आणि बाईंना कधी न पाहताही त्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरणारी माझ्यासारखी माणसं.

माझं नाव सुमेधा. मूळची पुण्याची, नारायण पेठेतली. गेली तेहतीस वर्षं मी पॅरिसच्या व्हेरनेल घराण्याच्या लंडनमधल्या सलोंमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या दालनात, फिटर आहे. फिटर म्हटलं की आपल्या लोकांना नळ दुरुस्त करणारा माणूस आठवतो. आमच्याकडे फिटर म्हणजे अर्धवट शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून, टाचण्या लावून, तिच्या हाडामांसाशी त्याचं जुळवून देणारी बाई. मेफेअरच्या मागच्या एका गल्लीत, दोन जिने वर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही सहाजणी बसतो. खालच्या मजल्यावर घराण्याचं अत्तर विकतात. घर अत्तरावरच चालतं, पण नाव आमच्यामुळे आहे असं आम्ही सहाजणी मानतो, आणि अत्तरवाल्या मुली आमच्या तोंडाला लागत नाहीत.

मूळ बाई म्हणजे मादाम ओदेत व्हेरनेल. बाप फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर होड्यांची शिडं शिवायचा. वाऱ्यात कापड कुठे ताणलं जातं, कुठे फुगतं, कुठली शिवण आधी दगा देते, हे ती बापाच्या शेजारी बसून शिकली. १९३४ साली पॅरिसला येऊन तिने दोन खोल्या घेतल्या आणि जो पहिला गाऊन केला त्यावर ना मणी होते, ना जाळी, ना फुलं. नुसतं उरेब, म्हणजे तिरपं, कापलेलं कापड. खांदा आणि बाही एकाच तुकड्यात, म्हणजे मुंढ्याला जोडच नाही, आणि पाठही अखंड. "बाईने हात वर केला की कपड्यानेही वर जावं, तिला खाली ओढू नये," असं ती म्हणायची म्हणे. जर्मन पॅरिसमध्ये आले तेव्हा दार लावून गावी गेली आणि लढाई संपेपर्यंत शिडं शिवत बसली. १९४६ला परत आली ती एका करड्या रेशमाचा तागा घेऊन. तो रंग पुढे घराण्याचा रंग झाला. त्याला फ्रेंचमध्ये एक हातभर लांब नाव आहे. ते नीट उच्चारता येईपर्यंत नव्या मुलींना गिऱ्हाइकासमोर उभं करत नाहीत.

आमच्याकडे कुठलाही कपडा तीन फिटिंगनंतरच पुरा होतो. पहिलं फिटिंग साध्या मांजरपाटात. त्यावर पेन्सिलीने खुणा करायच्या, मग ते उसवून त्याच तुकड्यांवरून खरं कापड बेतायचं. दुसरं फिटिंग खऱ्या कापडात, पण कच्च्या टाक्यांनी टाचलेलं. तिसरं पक्क्या शिवणीवर, प्रसंगाच्या जवळ, कारण बायकांची शरीरं स्थिर नसतात. १९३८ साली एका गिऱ्हाइकाने हट्ट केला आणि कच्च्या टाक्यांतलाच गाऊन ऑपेराला घालून गेली. जिन्यावर काखेखाली तो उसवला, आणि अख्ख्या पॅरिसने पाहिला. दुसऱ्या दिवशी मादामनी भिंतीवर लिहून लावलं की तिसऱ्या फिटिंगआधी काहीही दाराबाहेर जाणार नाही. आमच्या खोलीतही तेच वाक्य चौकटीत लावलं आहे. मी रोज त्याखाली बसून चहा पिते.

प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक पुतळा असतो. लाकडी, बिनमुंडक्याचा, गळ्यात नावाची चिठ्ठी. लाकूड मुद्दाम बारीक घेतात आणि त्यावर कापसाचे थर चढवून बाईच्या मापाला आणतात. बाई सुटली की कापूस चढवायचा, रोडावली की उतरवायचा. माप मात्र गिऱ्हाइकासमोर मोठ्याने बोलायचं नाही, तेही मादामचंच सांगणं. आम्ही ते गुपचूप लिहून घेतो.

आता सुनीतीचं सांगते.

सुनीती माझी धाकटी बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आली. नवरा परीक्षित मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, ती स्वतः फार्मासिस्ट, आणि एकुलती एक मुलगी अन्वी. लंडनहून रेल्वेने तासाभराचं अंतर. या तीस वर्षांत मी ग्रीक जहाजवाल्यांच्या बायकांना कपडे केले, बँकवाल्यांच्या दुसऱ्या बायकांना केले, एकीच्या कुत्र्यालासुद्धा कोट केला. सुनीतीला एक रुमाल शिवून दिला नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. अन्वीच्या बारशाला तिने विचारलं होतं, मी म्हटलं सीझन संपू दे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला विचारलं, तेव्हाही सीझनच होता. मग तिने विचारणं सोडलं. वर मैत्रिणींना माझी ओळख "आमची राणीची शिंपीण" अशी करून द्यायची. राणीला मी कधी लांबूनही पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला.

"ताई, एक ब्लाउज शिवशील?"

"कशावर?"

"आईच्या पैठणीवर. अन्वीच्या लग्नात घालायला. जूनमध्ये आहे ना."

"तुझे दहा ब्लाउज आहेत की त्या पैठणीवर चालतील असे."

"आहेत. पण आता त्यांच्यात मी आणि शेजारची बाई दोघी मावतो." ती हसली. मला हसू आलं नाही. "आणि तुमच्या घराण्याचाच पाहिजे हं. तो करडा रंग, ती मुंढा नसलेली बाही. तीस वर्षं ऐकून ऐकून कान किटले माझे. एकदा अंगावर तरी घालू दे."

पुढच्याच रविवारी मी टेप घेऊन कॉव्हेंट्रीला गेले. ती बेडरूममध्ये हात पसरून उभी राहिली. मी माप घ्यायला लागले, आणि सवयीने गप्प राहून वहीत लिहायला लागले.

"किती भरलं?"

"ते सांगायचं नसतं."

"मी लोकांना त्यांच्या गोळ्यांचे डोस तोंडावर सांगते, आणि तू मला माझ्या छातीचं माप सांगणार नाहीस?"

"नाही."

"मग वाईटच असणार," ती म्हणाली.

वाईटच होतं. लंडनला, हॅरोमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी तिचा पुतळा उभा केला. वर्करूममधून जुनं लाकूड मागून आणलं, कापूस चढवला, गळ्यात चिठ्ठी अडकवली. चिठ्ठीवर 'सुनीती' लिहिताना बोटं थांबली, कारण तिथे मी आजवर फक्त परक्या बायकांची नावं लिहिली होती. रेशमाचा एक तुकडा माझ्याकडे वर्षानुवर्षं जपून ठेवलेला होता. तो घेऊन मी तिला दाखवायला गेले. तिने तो खिडकीपाशी नेला आणि उलटसुलट करून पाहिला.

"अगं ताई, हा तर पारवा! एवढं कौतुक सांगत होतीस आणि शेवटी निघाला पारवा."

"त्याचं खरं नाव असं आहे—" मी ते लांबलचक फ्रेंच नाव सांगितलं.

"असेल. आपल्याकडे पारवाच म्हणतात."

परीक्षितना तीन फिटिंगचं कळलं तेव्हा ते सोफ्यावर बसून हसत सुटले. "ताई, तुमचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. टिळक रोडवरचा आमचा शिंपी सकाळी माप घेऊन संध्याकाळी द्यायचा."

"आणि तो काखेत काचायचा," सुनीती माझी बाजू घेत म्हणाली. माझी बाजू ती नेहमीच घ्यायची. लहानपणी आई मला ओरडायला लागली की ही आधी रडायची.

सप्टेंबरमध्ये पहिलं फिटिंग झालं. पांढऱ्या मांजरपाटाच्या ब्लाउजमध्ये ती पंधरा मिनिटं उभी राहिली, मग म्हणाली, मला बसू दे. बसूनच बाकीच्या खुणा केल्या. घरी येऊन मी पुतळ्यावरचा कापूस उतरवला. गिऱ्हाइकांचा उतरवलेला कापूस आम्ही सरळ कचऱ्यात टाकतो. सुनीतीचा मी एका पिशवीत भरून ठेवला. का ते विचारू नका. ऑक्टोबरमध्ये पुन्हा उतरवावा लागला आणि पिशवी फुगली.

मला काय वाटत होतं, खरं सांगू? मला वाटत होतं की ती रोडावते आहे ती औषधांनी. औषधं थांबली की भरेल. म्हणून मी आत दोन इंच माया सोडली होती, जूनमध्ये सैल करायला लागली तर असावी म्हणून. मी कपड्यात सगळं पाहू शकते, डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे हे दारातून येणाऱ्या बाईकडे बघून सांगते. स्वतःच्या बहिणीकडे बघताना माझे डोळे कुठे गेले होते कोण जाणे.

दुसरं फिटिंग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. अन्वीचा साखरपुडा त्याच्या पुढच्या रविवारी होता, कॉव्हेंट्रीतल्याच एका हॉलमध्ये. मुलगा समर, कार्डिफचा. आईबाप दोघंही तिथे हॉस्पिटलात डॉक्टर, मूळचे नागपूरचे. घरात फुलांच्या याद्या, केटररचे फोन, सगळी धांदल चाललेली. आम्ही वर बेडरूममध्ये दार लोटून घेतलं.

पारव्या रेशमावर माझे पांढरे कच्चे टाके आडवेउभे दिसत होते. अस्तर नव्हतं, हूक नव्हते, समोर टाचण्यांनीच बंद केलेला. तो मी तिच्या अंगावर चढवला आणि तिला आरशाकडे वळवलं. तिने उजवा हात हळूच वर केला. ब्लाउज हाताबरोबर वर गेला. तिने हात खाली आणला, पुन्हा वर केला.

"अंगावर काही आहे असं वाटतच नाही गं," ती म्हणाली.

खरंच बसला होता तो. गळ्याची हाडं वर आली होती, दंड काडीसारखे झाले होते, आणि तरी त्या ब्लाउजमध्ये ती आजारी दिसत नव्हती. सडपातळ दिसत होती. ती खूप वेळ बघत राहिली. मी तेहतीस वर्षं बायकांना आरशात बघताना पाहते आहे, पण असं कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

"ताई."

"हं."

"साखरपुड्याला घालू का हा?"

"हा? कसा घालशील? कच्चे टाके आहेत नुसते."

"मग काय झालं? वरून पदर येणार. पाहुणे निघाले की काढून देते तुला. तासभर गं फक्त."

"सुनीती, हात वर केलास आणि उसवला तर चारचौघांत शोभा होईल."

"नाही करत हात वर."

"आणि टाके?"

"कोणाला दिसणार आहेत?"

"मला दिसतील," मी म्हणाले.

हे असंच म्हणाले. शब्द न् शब्द आठवतोय. वर असंही म्हणाले की आमच्याकडे तिसऱ्या फिटिंगआधी कपडा बाहेर जात नाही, १९३८नंतर कुणाचाही गेलेला नाही आणि माझ्या हातून तर मुळीच जाणार नाही. मोठ्या ताठ्यात म्हणाले. चौकटीतलं वाक्यही सांगितलं तिला, फ्रेंचमध्ये.

अन्वी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती कधी आली मला कळलं नव्हतं. "मावशी, प्लीज," ती म्हणाली, "आईला घालू दे ना. आई—"

"अन्वी, चहा गार होतोय," सुनीती मध्येच म्हणाली. मग माझ्याकडे वळून हसली. "बरं बाई. तुमचं घराणं मोठं. लग्नाला घालीन."

"लग्नासाठीच तर चाललंय सगळं."

"हो ना," ती म्हणाली आणि हात पुढे केले. मी टाचण्या काढल्या, ब्लाउज उतरवला, टिश्यूत गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. मध्ये अख्खा आठवडा होता. बसून पुरा करता आला असता. ते माझ्या मनातसुद्धा आलं नाही असं नाही, आलं होतं. पण घाईने केलेलं काम दिसतं, असा माझा हेका. आणि शिवाय दुसऱ्या फिटिंगनंतर आठवड्याभरात पुरा केलेला कपडा व्हेरनेलचा कसला?

साखरपुड्याला ती जुन्या जांभळ्या ब्लाउजमध्ये होती. तो इतका सैल होता की पाठीवर चुण्या घेऊन मीच सेफ्टी पिना लावल्या. मोजून सात. लंडनमधल्या सगळ्यात महागड्या सलोंची मुख्य फिटर हॉलच्या टॉयलेटमध्ये उभी राहून बहिणीच्या पाठीला सेफ्टी पिना लावत होती, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पिना दिसू नयेत म्हणून सुनीतीने वरून शाल घेतली. हॉलमध्ये हीटिंग एवढं होतं की पुरुषांनी कोट काढले. ती घामाने डबडबली, पण शाल काढली नाही. सगळ्या फोटोंत शालच आहे. आईच्या पैठणीचा काठ तेवढा गुडघ्याखाली दिसतो.

डिसेंबरात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. जानेवारीअखेर पॅरिसचा शो, आणि इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्यापासून रेशमाच्या प्रत्येक पेटीसोबत वीतभर कागद. मी दोनदा जाऊन आले, पण फिटिंगचं नाव काढलं नाही. तिसरं फिटिंग जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी करू असं ठरवून टाकलं होतं. तिसरं खरं म्हणजे मेमध्ये करायचं, पण म्हटलं तिच्यासाठी आधी एक करू, मग पुन्हा एक. माझ्या दृष्टीने ही फार मोठी सवलत होती.

त्याआधीच, जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी सकाळी परीक्षितचा फोन आला. "ताई, निघा," एवढंच म्हणाले. मी पोचले तेव्हा ती हॉस्पिसमध्ये होती, श्वास चालू होता, पण बोलत नव्हती. मी तिचा हात हातात घेतला. अंगठा आणि मधलं बोट मिळवून मनगट मोजायची मला सवय आहे, आणि बोटं आपोआप तिच्या मनगटाभोवती गेली, आणि एकमेकांवरून पुढे सरकली. दुपारी ती गेली.

इथे मेल्यावरही रांगेत थांबावं लागतं. क्रिमेटोरियममध्ये बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. परीक्षित किचनमधल्या टेबलाशी बसून होते, समोर कुणीतरी आणून ठेवलेली खिचडी.

"ताई, तिला सवाष्णीसारखं पाठवायचं. पैठणी नेसवायची, हिरव्या बांगड्या, सगळं." मग खिचडी बाजूला सारून, "आणि तो तुमचा ब्लाउज."

"पुरा नाही झालेला."

"होईल ना?" ते म्हणाले.

मी हॅरोला आले. जेवून दुपारी दोन वाजता बसले. कच्चे टाके एकेक काढत पक्की शिवण घातली, सगळी हाताने, कारण उरेब रेशमाला आम्ही मशीन लावत नाही. अस्तर बसवलं. गळ्याला आणि बाह्यांना तुरपाई केली. समोर हूक लावले. मध्ये एकदा उठून चहा केला. शेवटच्या हुकाचा दोरा तोडला तेव्हा रेडिओवर सहाच्या बातम्या लागल्या. मी घड्याळाकडे बघितलं आणि मला वाटलं घड्याळ बंद पडलंय. मग फोनवर बघितलं.

चार तास लागले होते.

बैल गेला नि झोपा केला, असं आई म्हणायची. मी समोर पुतळ्याकडे बघितलं. तो नोव्हेंबरच्या मापाचा होता. त्यानंतर मी त्याला हात लावला नव्हता. चार तास. एका दुपारीही नव्हे, अर्ध्या दुपारी झालं असतं. तिने पदराखाली तासभर घालायला मागितला होता आणि मी तिला भिंतीवरचं वाक्य ऐकवलं होतं. मी हातातली सुई टेबलावर आपटली. ती कुठे उडाली कोण जाणे. माझी मलाच इतकी चीड आली की रडूसुद्धा फुटलं नाही.

नेसवायला मी आणि अन्वी अंत्यसंस्कारवाल्यांकडे गेलो. परीक्षित बाहेर गाडीत बसून राहिले, त्यांच्याने आत येववेना. तिथली बाई पन्नाशीची होती, हळू बोलणारी. तिने ब्लाउज हातात घेतला, बाह्या पाहिल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

"फार सुंदर आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "पण हात आता वाकत नाहीत. असा कपडा घालायचा तर आम्ही पाठीत उभा कापतो, समोरून चढवतो आणि कडा खाली दुमडून घेतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. मी कापू का?"

शिवण असती तर मी ती उसवली असती. पण व्हेरनेलच्या पाठीत शिवण नसते. पाठ एका तुकड्याची, अखंड, हीच तर आमची शान.

"नको. मी कापते," मी म्हणाले.

कात्री पर्समध्ये असतेच. ब्लाउज मी टेबलावर पालथा घातला आणि खालच्या काठापासून गळ्यापर्यंत कापत गेले. रेशीम कापताना आवाज होत नाही म्हणतात, पण होतो. अन्वीने तोंड फिरवलं. मग आम्ही तिघींनी मिळून एकेक हात बाहीत घातला, ब्लाउज खांद्यावर आणला, कडा पाठीखाली दुमडल्या. पैठणीच्या निऱ्या मी केल्या. बांगड्या अन्वीने चढवल्या. त्यांना साबण लावावा लागला नाही. बाईने कुंकवाची डबी माझ्या हातात दिली आणि ती बाहेर गेली.

समोरून ब्लाउज अगदी नेमका बसला होता. गळ्यापाशी केसभर उचललेला नाही, खांद्यावर चुणी नाही. पाठीत कापल्यामुळे हवं तेवढं आत घेता आलं होतं. मी आयुष्यात इतकं चोख फिटिंग केलेलं नाही.

"मावशी," अन्वी म्हणाली. तिचं मराठी तुटकं आहे, पण आईबद्दल बोलताना ती इंग्रजीत जात नाही. "मला तुला एक गोष्ट सांगायचा आहे. आईने नको म्हटला होता."

"सांग."

"तिला माहीत होता. ऑक्टोबरमध्येच. कन्सल्टंटने सांगितला, कदाचित ख्रिसमस, जून नाही. ती फार्मासिस्ट आहे ना, तिने त्याच्या आधीच औषधं बघून ओळखला होता. म्हणून आम्ही साखरपुडा एवढा मोठा केला. तोच तिच्यासाठी लग्न होता."

मी अन्वीकडे वळले. "मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटला तिला, मावशीला सांग, ती पटकन शिवेल. तर आई म्हणाली, नको. ताईला सांगितलं तर ती रडत रडत घाईत करेल. मग जन्मभर म्हणत राहील, माझ्या बहिणीच्या ब्लाउजचा शिवण वाकडा गेला." अन्वीने नाक पुसलं. "म्हणाली, तिला तिच्या पद्धतीने करू दे. मिळाला तर मिळाला. पण त्या दिवशी आरशात बघितला आणि तिला इतका आवडला... म्हणून तिने विचारला. मी सांगणार होते, तिने मला थांबवला."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"चार तास लागले गं."

"कशाला?"

"पुरा करायला. फक्त चार तास लागले, अन्वी."

तिने जवळ येऊन माझा खांदा धरला. आणि इतके दिवस अडकून बसलेलं सगळं मग एकदम आलं. मी सुनीतीच्या खांद्यावर, त्या बिनजोडाच्या बाहीवर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडायला लागले, लहानपणी ती माझ्यासाठी रडायची तशी. पारव्या रेशमावर पाण्याचा डाग पडला की तो कधी जात नाही. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी ते बजावते. तरी मी डोकं उचललं नाही.